हजार अंड्यांतले दोन

घाटेअळीची एक मादी पतंग तिच्या जेमतेम दोन आठवड्यांच्या आयुष्यात हजाराच्या आसपास अंडी घालते. त्यातल्या निम्म्या माद्या धरा. पुढच्या पिढीत पाच लाख अंडी होतात आणि त्याच्या पुढच्या पिढीत पंचवीस कोटी. पऱ्हाटीला पाती लागल्यापासून हरभरा सोंगेपर्यंत या किडीच्या तीन-चार पिढ्या सहज उरकतात. हा हिशोब खरा ठरला असता तर एका पतंगाच्या पोटी अख्खा अचलपूर तालुका खाऊन संपला असता. तो संपत नाही. काही वर्षं कीड वाढते, काही वर्षं घटते, पण लांबच्या पल्ल्यात तिची संख्या फिरून तिथेच येते. याचा अर्थ असा की हजार अंड्यांतून सरासरी दोनच जीव पतंग होऊन पुन्हा अंडी घालण्यापर्यंत पोचतात. मग उरलेले ९९८ जातात कुठे?

‘फवाऱ्याने मरतात’ हे उत्तर पुरत नाही. धुऱ्यावरच्या रानटी झाडांवर कोणी पंप चालवत नाही, तिथेही हाच हिशोब चालतो. औषधांचा जन्म होण्याआधीची हजारो वर्षं तो तसाच चालत आला आहे.

अचलपूर हे गाविलगडच्या पायथ्याचं, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या आसऱ्याचं गाव. डोंगराच्या बाजूला संत्र्याच्या बागा, खाली काळ्या वावरांत पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि थंडीत हरभरा. किडीला वर्षभर ताट वाढलेलं असतं. पण याच ताटात तिच्यासाठी किती मरणं वाढून ठेवलेली असतात, ते पाहायला वाकावं लागतं आणि कधी कधी भिंगही लागतं.

डोळ्याला दिसणारी संकटं आधी उरकून घेऊ. ढालकिडे आणि क्रायसोपा नावाच्या किड्याच्या अळ्या अंडी फस्त करतात. कोळी आहेत, साळुंक्या आहेत, कोतवाल आहे. हरभऱ्यात मूठभर ज्वारी फेकण्याची जुनी रीत याच कामाची, कारण ज्वारीच्या ताटावर पाखरांना बसायला जागा मिळते. जमिनीतले कोष उन्हाळी नांगरटीत वर येतात, काही नांगरामागच्या बगळ्यांना मिळतात आणि उरलेले मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात भाजून निघतात. घाटेअळीला स्वतःच्या भावंडांचंही भय असतं. मोठी अळी लहान अळीला खाते, म्हणून एका घाट्यात सहसा एकच अळी सापडते. शिवाय कात. अळीला वाढायचं तर पाच-सहा वेळा कातडी टाकावी लागते, आणि कातडीसोबत श्वासनळ्यांचं आतलं अस्तरही ओढून बाहेर काढावं लागतं. त्या तासा-दोन तासांत ती मऊ, हतबल असते. कित्येक अळ्या कातीत अडकूनच मरतात.

एवढं सगळं धरूनही हिशोब पूर्ण होत नाही. खरे मारेकरी आतून काम करतात.

तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या वावरात कधी कधी एखादी अळी झाडाच्या अगदी शेंड्यावर, मागच्या पायांवर उलटी लटकलेली दिसते. अंग फिकट, चकाकतं आणि फुगलेलं. काडीने टोचलं की कातडी फाटते आणि पांढुरका घाण वासाचा द्रव गळतो. हा विषाणूचा बळी. शेतकी खात्याच्या शिफारशींत ज्याला एचएएनपीव्ही म्हणतात, तोच हा.

हा विषाणू उघडा फिरत नाही. त्याचे कण प्रथिनाच्या एका टणक स्फटिकात बंद असतात आणि असे स्फटिक पानावर काही दिवस, मातीत महिनोन्‌महिने पडून राहतात. अळी पान कुरतडते तेव्हा दोन-चार स्फटिक पोटात जातात. आपल्या जठरात आम्ल असतं. अळीच्या पोटाचं गणित उलटं, तिथला सामू नऊ-दहाच्या घरात असतो, म्हणजे पक्का अल्कधर्मी. त्या अल्कात स्फटिक विरघळतो आणि विषाणू मोकळा होतो. आधी आतड्याच्या पेशी, मग चरबी, मग कातडीखालचा थर. प्रत्येक पेशीच्या केंद्रात शिरून तो स्वतःच्या प्रती काढतो. पाच-सात दिवसांत अळी म्हणजे विषाणूने भरलेली पिशवी होते. मेलेल्या एका मोठ्या अळीत अब्जावधी स्फटिक असतात. पुढे कातडी फाटते आणि ते खालच्या पानांवर सांडतात, जिथे बाकीच्या अळ्या चरत असतात.

इथे शेंड्याचं महत्त्व कळतं. खाली, सावलीत मेलेल्या अळीचा विषाणूला फारसा उपयोग नाही. वरून सांडला तर पावसा-दवाबरोबर सगळ्या झाडावर उतरतो. म्हणजे मरणारी अळी वर चढते ते कुणाच्या फायद्यासाठी? २०११ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी जिप्सी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळीवर याचं उत्तर शोधलं. विषाणूतलं ‘ईजीटी’ नावाचं एकच जनुक अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाला निकामी करतं. निरोगी अळी दिवसा खोडावरून खाली उतरून दडते. हे जनुक असलेल्या विषाणूने पछाडलेली अळी वरच राहते आणि वरच मरते. ते जनुक काढून टाकलेल्या विषाणूने मारलेल्या अळ्या वर राहिल्या नाहीत. पुढे २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी थेट आपल्या घाटेअळीवरच काम केलं. रोगी अळीच्या उजेड ओळखण्याच्या यंत्रणेत विषाणू ढवळाढवळ करतो आणि ती उजेडाकडे ओढली जाते, असं त्यांना दिसलं. शेतात उजेड वरून येतो, म्हणून ती वर चढते. प्रयोगशाळेत दिव्याची जागा बदलली की तिची चढायची उंचीही बदलते.

या विषाणूचं औषध विकत मिळतं आणि त्याची मात्रा मोठी मजेशीर आहे. ती ग्रॅममध्ये लिहीत नाहीत, एल.ई.मध्ये लिहितात. एक एल.ई. म्हणजे एका रोगी अळीतून मिळणारे विषाणू, ठरवलेला आकडा सहाशे कोटी स्फटिक. हेक्टरी २५० ते ५०० एल.ई. मारा, असं पत्रकात लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या मेलेल्या अळ्यांचा अर्क वावरभर शिंपडायचा. तो संध्याकाळी मारायचा, कारण उन्हातले अतिनील किरण विषाणूला मारतात. द्रावणात कपड्याची नीळ मिसळायला सांगतात तीही याच उन्हापासून आडोसा म्हणून.

तिकडे सोयाबीनमध्ये वेगळंच मरण असतं. श्रावण-भाद्रपदात झड लागली, आठ-आठ दिवस ऊन नाही, पानं कोरडी व्हायला तयार नाहीत, अशा वेळी तंबाखूवरची पाने खाणारी अळी पानाला धरून खडूसारखी ताठ झालेली दिसते. आधी पांढरी, मग फिकट हिरव्या भुकटीने माखलेली. ही बुरशी. बाजारात तिला अजून नोमुरिया म्हणतात, शास्त्रज्ञांनी तिला आता मेटारायझियमच्या कुळात घेतलं आहे. विषाणू तोंडावाटे आत जातो, बुरशीला तोंडाची गरज नाही. तिचा बीजाणू कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, कातडी विरघळवणारे पाचक रस सोडत आणि रेटा देत थेट आत घुसतो. आतल्या रक्तात वाढत वाढत आठवड्याभरात अळीला संपवतो आणि हवेत पुन्हा ओल आली की मढ्यातून बाहेर फुटून नवे बीजाणू उधळतो. झडीच्या दिवसांत शेतकऱ्याला फवारणी करताच येत नाही, पंप घरात पडून असतो. नेमकी तेव्हाच ही बुरशी फुकट राबत असते.

सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं ते किड्यातच. इटलीत अगोस्तिनो बासी याने १८३५ मध्ये रेशीमकिड्यांच्या एका रोगामागे बुरशी असल्याचं दाखवलं. पाश्चरचं नाव तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. बासीच्या बुरशीला पुढे त्याचंच नाव मिळालं, आणि आज कृषी केंद्रात जी ‘बिव्हेरिया बॅसियाना’ची पुडी मिळते ती तीच. हुमणीसाठी मातीत घालतात त्या मेटारायझियमचा पहिला वापर जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने १८७९ मध्ये ओडेसाजवळ गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी सुचवला होता. ज्या मरणांकडे आपण ‘सडली असेल’ म्हणून दुर्लक्ष करतो, त्यांच्यावर जगात दीडशे-दोनशे वर्षांचा अभ्यास उभा आहे.

आता गांधीलमाश्यांकडे येऊ. मला स्वतःला हा सगळा प्रकार विषाणूपेक्षा भयंकर वाटतो, कारण इथे बळी जिवंत असतो.

‘भृंगी’ आणि ‘कीटक’ यांची उपमा मराठी कीर्तनात वारंवार येते. भृंगी अळीला धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते, आणि भयाने तिचंच ध्यान करता करता अळी भृंगी होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे, आणि एकनाथांनी त्याच स्कंधावर टीका लिहून ती मराठी घराघरांत पोचवली. दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. निरीक्षणही अर्धं खरं आहे. कुंभारमाशी अळी आणते, मातीच्या कोठीत ठेवते, बंद करते आणि काही दिवसांनी तिथून माशीच बाहेर येते. मधलं जे दिसत नाही ते असं की अळी डंखाने लुळी केलेली असते, मेलेली नसते. तिच्याजवळ माशी एक अंडं सोडते, त्यातून निघालेलं पिलू ताज्या मांसावर वाढतं आणि कोठी फोडून उडून जातं. अळी भृंगी होते हे एका अर्थी खरंच, पण भृंगीच्या पोटातून.

घाटेअळीच्या बाबतीत हे काम कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची बारीक काळसर माशी करते. हरभऱ्यात ती सहज सापडते. ती कोवळी अळी शोधते, क्षणात टोचते आणि आत एकच अंडं सोडते. अळीचं रक्त अशा परक्या वस्तूला गप्प बसू देत नाही, रक्तपेशी तिच्याभोवती जमून तिला कोंडून टाकतात. म्हणून या जातीच्या माश्या अंड्याबरोबर स्वतःच्या शरीरात बनवलेले विषाणूसारखे कण टोचतात. ते अळीच्या पेशींत शिरून तिची ही पहारेदारी बंद पाडतात. अळी चालते, खाते, पण खाणं घटतं, वाढ खुंटते. आठवड्याभरात माशीचं पिलू कातडी फाडून बाहेर येतं आणि शेजारीच करडा कोष विणतं. पानावर वाळलेली अळी आणि तिच्याजवळ तांदळाएवढा कोष दिसला तर हा प्रकार झालेला असतो. ब्राझीलमध्ये तर २००८ साली अशा काही अळ्या नोंदल्या गेल्या, ज्या आपलं पोट फोडून निघालेल्या माश्यांच्या कोषांवर उभ्या राहून पहारा देतात आणि जवळ येणाऱ्या किड्यांना डोकं आपटून हुसकावतात. डार्विनला १८६० मध्ये अशाच माश्यांनी अस्वस्थ केलं होतं. दयाळू ईश्वराने मुद्दाम असा जीव घडवला असेल हे आपल्याला पटत नाही, असं त्याने आपल्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, एसा ग्रेला लिहिलं.

एवढ्या मोठ्या वावरात इवल्याशा माशीला पानाआड दडलेली अळी सापडते कशी? झाड चुगली करतं. १९९० मध्ये अमेरिकेत मक्यावर हे सिद्ध झालं. नुसतं कात्रीने पान कापलं तर सुटणारा वास वेगळा, आणि अळीची लाळ लागलेल्या चाव्यावर झाड सोडतं तो वास वेगळा. तो दुसरा वास माशीला बरोबर अळीपर्यंत आणतो. कपाशीचं झाडही असा वास सोडतं. म्हणजे अळीने पहिला घास घेतला की तिचा पत्ता हवेत लागलेला असतो.

त्याच्याही आधी, अंड्यातच, गाठणारी ट्रायकोग्रामा आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची ही माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्यातून अळीच्या ऐवजी माशी निघते. ट्रायकोकार्ड म्हणून जो कागद पानाखाली टाचतात, त्यावर तांदळातल्या पतंगाची अठरा-वीस हजार अंडी चिकटवलेली असतात आणि प्रत्येकात ट्रायकोग्रामा असते, निदान असावी अशी अपेक्षा असते. पण हिचं एक दुखणं आहे. पऱ्हाटीवर चालणारी ही माशी हरभऱ्यावर हरते. हरभऱ्याच्या पानांवर रात्री साचणारी आंब, जी आपल्याकडे फडकं पसरून पिळून घेतात आणि पोटदुखीवर देतात, तिच्या आम्लाने आणि चिकटपणाने या इवल्या जिवाचं काही चालत नाही. त्याच पतंगाचं अंडं पऱ्हाटीवर धोक्यात आणि हरभऱ्यावर बरंच सुरक्षित. कॅम्पोलेटिस मात्र आंबेला जुमानत नाही.

संत्र्याच्या बागेत हेच नाटक पानामागे चालतं. आपल्याकडे कोळशी म्हणतात तो रोग मुळात एका काळ्या माशीचा. तिची पिलं पानाच्या खालच्या बाजूला रस शोषतात, चिकट गोड पाणी टाकतात, आणि त्यावर काळी बुरशी चढून पानं, फळं कोळशागत होतात. ही माशी आशियातली. १९१३ मध्ये ती वेस्ट इंडीजमधल्या जमैकात सापडली, पुढे क्यूबा, मेक्सिको. तिथे तिने धुमाकूळ घातला, कारण ती गेली पण तिचे वैरी मागे राहिले. शेवटी १९४९-५० च्या सुमारास अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ भारत-पाकिस्तानातल्या बागांमधून तिच्या अंगात वाढणाऱ्या बारीक माश्या गोळा करून मेक्सिकोला घेऊन गेले. त्या माश्यांनी तिथला प्रश्न आटोक्यात आणला, आणि सत्तरच्या दशकात फ्लोरिडातही त्यांचाच उपयोग झाला. जे तिकडे मुद्दाम न्यावं लागलं ते आपल्याकडे पानामागे आहे. कोळशीच्या पिलांची रिकामी टरफलं भिंगाखाली धरा. इंग्रजी ‘टी’सारखी चीर असेल तर त्यातून कोळशीची माशी सुखरूप उडाली. बारीक गोल भोक असेल तर आतून वैरी निघाला.

या वैऱ्यांचाही जीव काही सुखात नाही. कॅम्पोलेटिसच्या कोषात अंडं घालणाऱ्या आणखी छोट्या माश्या असतात. चोरावर मोर. म्हणून निसर्ग आपोआप सगळं सांभाळतो, असल्या गोड बोलण्यावर माझा विश्वास नाही. हे जीव स्वतःच्या पोटासाठी येतात आणि बहुतेकदा उशिरा येतात. विषाणूची साथ पसरायला अळ्यांची गर्दी लागते, आणि गर्दी होईपर्यंत घाटे पोखरले गेलेले असतात. बुरशीला झड लागते, कोरड्या वर्षात ती कामाची नाही. गुलाबी बोंडअळीसारखी कीड तर अंड्यातून निघताच बोंडात शिरते आणि पाखरं, विषाणू, फवारा सगळ्यांच्या हाताबाहेर जाते.

गुलाबी बोंडअळीवर आपण जो उपाय केला तोही मुळात किड्यांच्याच रोगातून आलेला. १९०१ मध्ये जपानमध्ये मरत्या रेशीमकिड्यांत एक जिवाणू सापडला, १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगियात पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला आणि त्यावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव पडलं. हाच तो बीटी. याचंही विष स्फटिकात असतं आणि अळीच्या अल्कधर्मी पोटातच विरघळतं. कुलूप तेच, किल्ली दुसरी. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि एका दडलेल्या मारेकऱ्याचं जनुक वऱ्हाडातल्या जवळपास प्रत्येक पऱ्हाटीत जाऊन बसलं. पानापानांत, वर्षानुवर्षं, त्याच एका जिवाणूचं विष. ज्या अळ्या वाचल्या त्यांच्याच पिढ्या वाढल्या, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं बीटीसकट पोखरली. निसर्गात अळीसमोर पन्नास मरणं असतात, म्हणून एकावर मात करून तिचं भागत नाही. आपण एकच ठेवलं, तिने ते ओलांडलं.

फवाऱ्याचा दोषही असाच. सगळ्या किड्यांना मारणारं औषध लवकर मारलं की आधी जातात त्या उघड्यावर फिरणाऱ्या माश्या आणि ढालकिडे. घाट्यात, बोंडात, पानामागे बसलेली कीड मागे राहते आणि वैरी नसलेल्या वावरात दुप्पट जोमाने वाढते. सोयाबीनवर विनाकारण बुरशीनाशक मारलं तर नोमुरियाही मरते, हे तर फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

म्हणून शेतकरी वाचकांना एवढंच सांगणं आहे. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या ही शिफारशीतली मर्यादा आहे, ती ओलांडल्याशिवाय पंप उचलू नका. मोजताना अळ्या नुसत्या मोजू नका, त्यातल्या किती फिकट पडल्यात, किती लटकल्यात, किती जणींशेजारी करडा कोष आहे तेही पाहा. असे बळी बरेच दिसले तर दोन-चार दिवस थांबायला हरकत नाही. मारायचंच झालं तर पहिला फवारा विषाणूचा किंवा निंबोळी अर्काचा ठेवा आणि तो संध्याकाळी मारा. ट्रायकोकार्ड लावलं असेल तर त्यानंतर आठवडाभर रासायनिक औषध वावरात नेऊ नका. दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग फवारणीच्या एका फेरीहून स्वस्त पडतं. या रब्बीत ते घ्या आणि पहिल्या फवाऱ्याच्या आधी वापरा.